तुम्ही विचारलंत म्हणून: सोडायचाच तर धरता कशाला?

माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात कोपऱ्यात मासे धरायचे दोन रॉड उभे असतात. मोटार टाकायला आलेला माणूस कॉइल जळाली की बेअरिंग गेलं हे नंतर विचारतो, आधी त्या रॉडकडे बोट दाखवतो. मग पुढचं सगळं ठरलेलं. एवढी महागाची काठी? हा रबराचा बेडूक केवढ्याला? साडेतीनशे? बांधावर गांडूळ फुकट मिळतं की! आणि मी धरलेला मरळ मासा परत पाण्यात सोडतो हे कुणाकडून तरी कळलेलं असतं, म्हणून शेवटी तो प्रश्न येतोच: "भाऊ, धरस नि सोडी देस, मंग धरसच कसाले?"

चाळीसगावात राहून दहा-बारा वर्षं हे ऐकतोय. सासरेबुवांनी विचारलं, शेजारच्या जैन काकांनी विचारलं, माझ्या मुलीने विचारलं. दर वेळी काउंटरवर उभ्या उभ्या देता येईल एवढंच उत्तर दिलं. म्हणून आज एकदा नीट लिहितो.

आधी एक गैरसमज काढतो. मी मासे खातो. आमच्या घरी बाजारातून मासे येतात आणि आवडीने होतात. त्यामुळे सोडण्यात मी काही पुण्य जोडतोय असं कुणी समजू नये. ज्याला रात्रीच्या कालवणासाठी मासा हवा, त्याने धरावा आणि घरी न्यावा. भोई लोकांचं तर पोट त्यावर आहे. माझं पोट मोटारींवर चालतं. तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असतो त्यांना विचारून मी बसतो, आणि त्यांच्या पाण्यातला मासा फुकट घरी न्यायला मला आवडत नाही. एवढं ते साधं आहे.

आता बेडकाचं. लहानपणी गिरणेवर, जामद्याच्या बंधाऱ्याखाली, आम्ही पोरं काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळून जायचो. मरळीसाठी जिवंत बेडूक. गळ त्याच्या पाठीतून काढायचा आणि शेवाळाच्या कडेला सोडायचा. तंगूस सरकायला लागला की ओढायचं नाही, थांबायचं, मरळ बेडूक पूर्ण गिळेपर्यंत. मोठी पोरं हेच शिकवायची आणि खायचा मासा असेल तर ते बरोबरच होतं. पण गिळलेला गळ पोटात जाऊन बसतो. तो काढायचा म्हणजे मासा फाडायचा. अशी मरळ तुम्ही सोडूच शकत नाही. सोडली तर आपल्या डोळ्यांआड मरते, एवढाच फरक.

खोट्या बेडकाने हे होत नाही, निदान सहसा होत नाही. मरळीने त्याला तोंडात धरलं की ही आपली वस्तू नाही हे तिला पटकन कळतं आणि ती थुंकून टाकते. त्या मधल्या क्षणात झटका द्यायचा. गळ ओठाला किंवा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही. साडेतीनशे रुपये मी त्या एका क्षणासाठी मोजतो. जास्त मासे लागावेत म्हणून नाही. जास्त हवे असतील तर आजही जिवंत बेडकाला तोड नाही.

ही हत्यारं आपली नाहीत, ती अमेरिकेतल्या बास नावाच्या माशासाठी घडली. तोही मरळीसारखा गवतात, बुडालेल्या झाडांत दबा धरून बसतो आणि वरून जाणाऱ्यावर झेपावतो. ओहायोतल्या अॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या माणसाने 1949 मध्ये मऊ प्लास्टिकची अळी ओतली, तिथून हा सगळा पसारा वाढला. पुढे तिकडे बास धरायच्या मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या आणि त्या भरवणाऱ्या रे स्कॉटने 1972 मध्ये मासे जिवंत ठेवून वजन करायचं आणि परत सोडायचं, असा आग्रह धरला. खान्देशात बास नाही, पण शेवाळ आहे, जलपर्णी आहे आणि त्याखाली मरळ आहे, म्हणून ती हत्यारं इथे चालतात. जशीच्या तशी मात्र नाही. बासच्या ओठात अंगठा घालून त्याला उचलतात. मरळीच्या तोंडात अंगठा घालाल तर रक्ताने माखून बाहेर येईल. तिचा जबडाही टणक, बासचा बारीक तारेचा गळ तिथे सरळ होतो. गळ जाड तारेचाच लागतो.

अळी गळावर चढवायची एक रीत आहे, तिला टेक्सास रिग म्हणतात. गळाची मान वाकडी असते. टोक अळीच्या नाकातून पाव इंच आत घालायचं आणि खालून बाहेर काढायचं. मग गळ वर ओढून त्याची वाकडी मान अळीच्या नाकात बसवायची, गळ फिरवायचा, आणि टोक अळीच्या पोटातून आरपार नेऊन पाठीवरच्या कातडीत जेमतेम लपवायचं. बोट फिरवलं तर टोचू नये, पण दाबलं तर टोक लगेच वर यावं. पुढे दोरीवर गोळीच्या आकाराचं शिसं मोकळं सरकतं. अशी अळी जलपर्णीच्या मुळांतून शिरते आणि निघते, कशातच अडकत नाही. रबरी बेडकाचंही तसंच. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर बघत असतात, माशाने चावलं की पोकळ अंग दबतं आणि टोकं उघडी पडतात.

यात माझं स्वतःचं एकच. मासा सुटू नये म्हणून गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, प्रत्येक गळाचा तो काटा मी पक्कडीने दाबून बसवतो. मग तो गळ जुन्या बनियनच्या कापडात खुपसून परत ओढतो. एक जरी धागा अडकला तरी पुन्हा दाबायचा. काटा नसला की मासे सुटतात, उडी मारली की हमखास सुटतात. लोक हळहळतात, मी हळहळत नाही.

दोरीबद्दलही ऐकवतात. बारीक तंगूस वापरा, माशाला संधी द्या, खरी मजा त्यात. मला हे पटत नाही. बारीक दोरीवर मासा पंधरा मिनिटं खेळवावा लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हात काठाचं पाणी हाताला कोमट लागतं. तिथे दमवून सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे जगलाच असं नाही. मी विणलेली जाड दोरी लावतो, थुंकी लावून गाठ आवळतो, आणि दोन मिनिटांत मासा काठाला आणतो. ओल्या हाताने धरायचा, पाण्यातच गळ काढायचा, जमिनीवर टाकायचा नाही.

इतकं सगळं मी मनापासून पाळत होतो. त्याचा मला अभिमानही होता. कुणी विचारलं की मी बनियनचा प्रयोग करून दाखवायचो.

मग तो पाझर तलाव.

तालुक्यातलाच आहे, गावाचं नाव लिहीत नाही. जुलैचे शेवटचे दिवस, दोन चांगले पाऊस होऊन गेलेले, तलावात नवीन पाणी आलेलं आणि कडेचं गवत बुडालेलं. सकाळी सातच्या सुमाराला बाभळीखाली पाण्यावर मला लालसर पुंजका दिसला. परातीएवढा. जवळून पाहिलं तर पाणी उकळल्यासारखं बारीक बारीक फुटत होतं. मरळीची पिल्लं. नखाएवढी, नारिंगी-लाल. मरळीला पाण्यावर येऊन हवा घ्यावीच लागते, पिल्लंही थोडी मोठी झाली की घोळक्याने वर येतात, खाली जातात, पुन्हा वर येतात. आणि त्यांच्या खाली, हात-दीड हातावर, आईबाप असतात. पिल्लांजवळ काहीही गेलं, बेडूक, पाणसाप, अगदी माणसाचा पाय, तरी ते अंगावर येतात.

हे मला माहीत होतं. हे लिहितोय ते त्यासाठीच. मला माहीत नव्हतं असं सांगून सुटता आलं असतं, पण पुंजक्यावरून बेडूक ओढला की मरळ घेणारच, हे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. भूक असो नसो. ती खायला येत नाही, हाकलायला येते.

मी बेडूक पुंजक्याच्या पलीकडे टाकला आणि त्यावरून अलीकडे ओढला. पहिल्या वेळी नुसता पाण्याचा फुगा आला. दुसऱ्या वेळी बाभळीखालचं पाणी फाटलं. मी झटका दिला, दोन मिनिटांत ती काठाला. अडीच-तीन किलोची असेल, पाठ काळी हिरवी, कुशीवर पांढरे ठिपके. आणि बेडूक दिसेना. आत, पार घशाशी होता. हल्ला करताना तिने थुंकायचं ठेवलंच नव्हतं.

काटा नसलेला गळ सुद्धा घशात आडवा बसला की सहज निघत नाही. मी लांब पक्कड आत घातली. एक गळ सुटला, दुसरा नाही. तिने तोंड मिटलं, पक्कड घसरली. हात थरथरायला लागला तसा मी तिला पाण्यात धरून थांबलो, पुन्हा सुरुवात केली. पाच मिनिटं, कदाचित सात. शेवटी बेडूक निघाला, सोबत थोडं रक्त. तिला पाण्यात सरळ धरून ठेवलं. ती शेपटी हलवून गेली.

मग मी बाभळीकडे पाहिलं. पुंजका पसरला होता, परातीचं चादरीएवढं झालं होतं, आणि त्याच्या कडांना खालून एकामागून एक टपटप आवाज येत होते. तिलापिया मासे असतील, दुसरं काही असेल. एक बगळा कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. तो मान पुढे करून शांतपणे वेचत होता. जोडीतला दुसरा मासा कुठे होता? मला दिसला नाही. मी धरलेली आई होती की बाप, तेही मला सांगता येत नाही, वरून पाहून ओळखता येत नाही. मी दगड मारून बगळा उडवला. तो दहा पावलांवर जाऊन पुन्हा उभा राहिला. थोड्या वेळाने लाल रंग पाण्यावर दिसेनासा झाला. खाली गेली की संपली, कोण सांगणार?

थर्माकोलच्या तराफ्यावर एक म्हातारे भोई बाबा जाळं काढत होते. ते सगळं बघत होते. जवळ आले, मला वाटलं मासा का सोडला म्हणून विचारतील. ते म्हणाले, "माय तू धरी बसना, आते पिल्लासले कोन देखी?" आवाज चढवला नाही. तराफा वळवून निघून गेले.

मी त्यांच्या मागून काठाकाठाने गेलो आणि सांगायला लागलो की बाबा, मी सोडली तिला, काटा दाबलेला असतो, हे बघा. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्या प्रसंगात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, मी त्यांना गळ दाखवत होतो.

घरी येऊन मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. जाळ्याने पिल्लांसकट मासे निघतात, मी एक मासा सात मिनिटं धरला तर काय झालं? खरं आहे. पण जाळं टाकणाऱ्याने पोटासाठी टाकलं होतं आणि त्याने कधी सोडण्याचा तोरा मिरवला नव्हता. दुसरं, ती परत पिल्लांपाशी गेली असेल. शक्य आहे. मी थांबून पाहिलं नाही, मला त्या काठावर उभं राहवेना. तिसरं, माशाला आपल्यासारखं दुखत नाही. हे मी तीस वर्षांचा असताना फार ठासून सांगायचो. आता सांगत नाही. कशावरून सांगायचो, हे मला आज आठवतही नाही.

तेव्हापासून पुंजक्यावर गळ टाकत नाही. पावसाळ्यात मरळीच्या पाण्यावर बसत नाही, गिरणा धरणावर नाहीतर मन्याडला जाऊन दुसऱ्या माशांवर बसतो. बेडकाचे दोन गळ काढून एकच ठेवायचा प्रयोग केला, त्याने तो पाण्यात कलतो, मग पोटात शिशाचा तुकडा घालून तोल सावरला. हे सगळं सांगितलं की जैन काका म्हणतात, एवढं कळतंय तर बंदच करा ना. मुलगीही तेच म्हणते, फक्त हळू आवाजात.

बंद करवत नाही. पहाटे पाण्यावर वाफ असते, बेडूक जलपर्णीच्या पानावरून घसरून मोकळ्या पाण्यात पडतो, मी दोरी दोन बोटं हलवतो आणि थांबतो. पाण्याखाली कुणीतरी त्याच्याकडे बघतंय हे मला दोरीतून समजतं. दिवसभर तांब्याच्या तारा मोजणाऱ्या माणसाला ही गोष्ट दुसरीकडे कुठे मिळत नाही. तिच्यासाठी एका जिवाला ओढून आणावं का, हा तुमचा प्रश्न आहे. माझाही आहे. सासरेबुवांना मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, मग निदान खात तरी जा.

गेल्या आषाढात त्याच पाझर तलावावरून जात होतो. गाडी लावली, बांधावर चढलो. बाभळीखाली पुन्हा लाल पुंजका होता, मागच्यापेक्षा लहान. अर्धा तास बसून बघितला. पिल्लं वर यायची, पाणी बारीक फुटायचं, खाली जायची. एकदा खाली काळी पाठ वळलेली दिसली. रॉड गाडीला बांधलेला होता. त्या दिवशी गळ टाकलाच नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तिथे नाही टाकला. तिथून निघून जामद्याला गेलो आणि अंधार पडेपर्यंत टाकत बसलो.