डॉप्लर सुधारला, रिझल्ट नाही

आमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते आणि वैताग त्याचाच होता. ट्यूब्ज ओपन, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) वयाच्या मानाने ठीक, ओव्ह्युलेशन दर महिन्याला होतंय, नवऱ्याचं सीमेन ॲनालिसिस पण छान, आणि फाईलवर काय तर अनएक्सप्लेन्ड इन्फर्टिलिटी, म्हणजे मूल न होण्याचं कारण सापडत नाही. तपासणीला येणाऱ्या शंभरातल्या साधारण 15 ते 30 जोडप्यांना हेच ऐकायला मिळतं म्हणे.

मग आययूआयच्या (स्पर्म थेट गर्भाशयात सोडतात ते) एका सायकलमध्ये सोनोग्राफीत लायनिंग, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर, बघता बघता डॉक्टरांनी रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉप्लर पण लावला. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी रक्त आणणारी जी युटेराइन आर्टरी असते तिच्यातून रक्त किती सहज पुढे जातंय ते यात कळतं, त्या आकड्याला पल्सॅटिलिटी इंडेक्स म्हणतात, सगळे नुसतं पीआयच म्हणतात. पीआय जास्त म्हणजे पुढे अडथळा जास्त. 3 च्या वर गेला तर बरेच डॉक्टर रक्तपुरवठा कमी धरतात आणि माझा वर होता. खरं सांगू, मला बरंच वाटलं! इतके दिवस "काहीच प्रॉब्लेम नाही" ऐकून कान किटले होते, निदान बोट ठेवायला एक जागा तरी मिळाली.

ॲस्पिरिन 75 एमजी सुरू झाली, पुढच्या सायकलला सिल्डेनाफिल, हो तीच, पुरुषांची म्हणून फेमस असलेली गोळी, फक्त ती योनीमार्गात ठेवायची. त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. माझं डोकं भयंकर दुखायचं आणि चेहरा गरम व्हायचा, नवरा म्हणायचा निदान तिथे तरी रक्त पोचतंय. (ज्यांना हार्टसाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे औषध अजिबात घ्यायचं नसतं, बीपी धोकादायक खाली जातं, त्यामुळे कुणाचं बघून स्वतःहून घेऊ नका.)

पीआय 3 च्या खाली आला. आधी जेमतेम 7 एमएम असणारं लायनिंग छान जाड झालं, ट्रिपल लाइन दिसली (तीन रेघा, चांगल्या लायनिंगची खूण), सोनोग्राफी करणारे पण खूश. पण बीटा एचसीजी, म्हणजे प्रेग्नन्सीची रक्ततपासणी, निगेटिव्ह. त्याच्या पुढच्या वेळीही तेच, आकडे उत्तम आणि बीटा निगेटिव्ह.

मग दुसऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डॉप्लर सायकलच्या कितव्या दिवशी केला होता?" हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. पीआय महिनाभर एकसारखा नसतो, ओव्ह्युलेशननंतर साधारण आठवड्याने, म्हणजे गर्भ रुजायची वेळ असते तेव्हा तो कमी होतो, आणि माझा मोजला होता ट्रिगरच्या, म्हणजे अंडं सुटण्यासाठी इंजेक्शन देतात त्या दिवशी. शिवाय ती मोठी आर्टरी, लायनिंगपर्यंत रक्त नेतात त्या बारीक वाहिन्या वेगळ्या, हायवे मोकळा आहे म्हणून गल्लीत ट्रॅफिक नाही असं थोडंच असतं. अनएक्सप्लेन्डवाल्या बायकांमध्ये लायनिंगखालचा रक्तप्रवाह कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, ते त्यांनी नाकारलं नाही, पण तो वाढवला की प्रेग्नन्सी वाढते हे सिद्ध झालेलं नाही म्हणाल्या, ॲस्पिरिनच्या आयव्हीएफमधल्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तरी फायदा दिसला नाही. मला थोडा रागच आला, त्यांचा नाही, त्या डोकेदुखीचा.

आयव्हीएफ करताना त्यांनी अर्धी अंडी नेहमीच्या पद्धतीने स्पर्मसोबत ठेवली आणि अर्ध्यांना इक्सी केलं, म्हणजे एकेक स्पर्म सुईने थेट अंड्यात सोडला. नेहमीच्या पद्धतीतली जवळजवळ फर्टिलाइज झालीच नाहीत, इक्सीवाली बरीचशी झाली. म्हणजे अडचण बहुतेक अंडं आणि स्पर्म भेटण्यातच होती, लायनिंगपर्यंत गोष्ट पोचतच नसावी, आणि हे सीमेन रिपोर्टमध्येही दिसत नाही की सोनोग्राफीतही. एका सायकलवरून शंभर टक्के सांगता येत नाही हेही मॅडमनी लगेच सांगितलं. पीआयचा काहीच संबंध नव्हता का? माहीत नाही, असेलही थोडा.

आता एम्ब्रियो (तयार झालेले गर्भ) फ्रीझ केलेत, लायनिंगसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू आहेत, ॲस्पिरिन मॅडमनी बंद केली. सिल्डेनाफिलचं मी विचारून बघितलं तर लायनिंग त्या इस्ट्रोजेननेच 7 च्या वर गेलंय, गरज नाही म्हणाल्या. डॉप्लर पण नाही करणार, आकडा काहीही आला तरी प्लॅन तोच राहणार मग बघायचा कशाला, आणि मीही हट्ट केला नाही.