सेल्युलर जेलसाठी दोन फेऱ्या ठेवा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांना घेऊन अंदमानला जाऊन आले. आप्पा ७६ वर्षांचे, जन्म नाशिकचा, सावरकरांच्या भगूरला लहानपणापासून जाणं-येणं. त्यांना ना प्रवाळ बघायचं होतं ना हॅवलॉकचा किनारा. "मला ती कोठडी दाखव, बाकी तुमचं तुम्ही फिरा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

मुंबई-पुण्याहून बहुतेकदा चेन्नई नाहीतर कोलकात्याला विमान बदलावं लागतं. तिथून पुढे साधारण १३०० किलोमीटर, दोन-सव्वादोन तास, आणि खाली नुसतं पाणी. खिडकीची जागा आप्पांना दिली होती. १९११ साली विनायकराव सावरकरांना मद्रासहून 'महाराजा' बोटीने याच समुद्रातून नेलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मग उतरेपर्यंत गप्पच होते. पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, तेव्हा हॉटेल शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

आमची पहिली चूक वेळेची. ज्यांच्याकडे गाडी ठरवली होती त्यांनी सांगितलं, जेलला दीड तास पुष्कळ झाला, बाराला सोडतो. बाराला पोचलो, तिकिटाच्या रांगेत वीस मिनिटं गेली, आणि आत जेमतेम पटांगण पाहतोय तोवर जेवणाच्या सुट्टीसाठी बाहेर काढायला सुरुवात झाली. आप्पांचा चेहरा मला बघवेना. तेव्हा पहिली गोष्ट ही: दुपारी मधेच जेल बंद होतं, म्हणून सकाळी उघडतानाच दारात हजर राहा. साप्ताहिक सुट्टी आणि त्या दिवशीच्या वेळा आदल्या संध्याकाळी हॉटेलातून फोन करून विचारून घ्या. आणि गाडीवाला काहीही म्हणो, आतल्या पाहण्याला किमान तीन तास धरा.

त्या दुपारी रिकामा वेळ मिळाला म्हणून समोरच्या वीर सावरकर पार्कात बसलो. तिथे सहा पुतळे आहेत: इंदुभूषण रॉय, बाबा भानसिंग, पंडित रामरखा, महावीरसिंग, मोहित मैत्र, मोहनकिशोर नामदास. सहाही जण याच तुरुंगात वारले. आमच्याइतक्याच वेळात चार गाड्या आल्या, फोटो काढून गेल्या. नावं कुणी वाचली नाहीत. महावीरसिंग भगतसिंगांचे साथीदार. मे १९३३ च्या उपोषणात नाकातून नळी घालून बळजबरीने दूध पाजताना ते फुफ्फुसात गेलं आणि ते वारले. मैत्र आणि नामदास त्याच उपोषणात गेले. मागण्या काय होत्या? कोठडीत दिवा, अंगाला साबण, वाचायला पुस्तकं-वर्तमानपत्रं, खाण्याजोगं अन्न. मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा आप्पा म्हणाले, "आपण इतकी वर्षं एकाच कोठडीचं नाव घेतलं गं." आमच्या सहलीचा रोख तिथेच बदलला.

संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम जरूर बघा, पण त्याचं तिकीट वेगळं असतं आणि हंगामात लवकर संपतं. पोचल्या दिवशीच काढून टाका, आणि प्रयोग हिंदीत आहे की इंग्रजीत तेही विचारा. अंगणातला जुना पिंपळ साक्षीदार म्हणून बोलतो अशी रचना आहे. बसायचं उघड्यावर, त्यामुळे डासांचं मलम आणि छत्री हवीच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या सवयीने "सहाला निघू" म्हणाल तर अंधारात पोचाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा गेलो, या वेळी स्वतः रिक्षा करून. अबर्डीन बाजारात उतरला असाल तर जेल अगदी हाकेच्या अंतरावर आहे.

आधी तळमजल्यावरचं संग्रहालय आणि मूळ इमारतीची प्रतिकृती बघा, नाहीतर बाहेरचं काही कळत नाही. १८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, तीन मजली, जवळजवळ ७०० कोठड्या. आज तीनच उरल्यात. दोन जपानी अमलात पाडल्या गेल्या, दोन स्वातंत्र्यानंतर. तिथे १९६३ साली रुग्णालय उभं राहिलं. सुटून आलेल्या जुन्या राजबंद्यांनी पाडकामाला विरोध केला म्हणून उरलेलं वाचलं, आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं.

एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसरीच्या पाठीकडे उघडतात. समोरच्याचा चेहरा दिसायचाच नाही, अशी बांधणी. गर्दी कमी असेल तेव्हा एका कोठडीत एकटे जा आणि पाच मिनिटं थांबा. साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद. झरोका डोक्याच्या कितीतरी वर. मग बाहेर येऊन कडी पाहा. ती दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत जाऊन बसते. आतून कितीही हात घातला तरी पोचत नाही. मी हात घालून पाहिला. फोटोत ही गोष्ट कळत नाही.

पटांगणातल्या छपरीत कोलू, म्हणजे तेलाचा घाणा आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलो. शेजारी दंडाबेड्या, गोणपाटाचे कपडे, फटके मारताना कैद्याला बांधायची तिकाटी. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी समजावून सांगा. आमच्या पुढची एक मुलगी रडायलाच लागली होती.

गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी: विनायकरावांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. आम्ही जिनेच चढलो. प्रत्येक मजल्यावर दहा मिनिटं व्हरांड्यात बसत गेलो, घाई करू नका. काठी, पाणी, घसरणार नाहीत अशा चपला लागतात. कोठडीशी रांग असते, मागचे लोक घाई करतात. आप्पा आत नमस्कार करून लगेच बाहेर आले आणि विचारलं, "बाबाराव कुठे होते?"

थोरले बंधू बाबाराव धाकट्यांच्या आधी, १९०९ च्या जन्मठेपेवर इथे आले होते. दोघं एकाच आवारात, आणि सुरुवातीला भेटही होऊ दिली नाही. मी आप्पांना मनोऱ्यात घेऊन गेले. तिथे संगमरवरावर प्रांतवार नावं कोरली आहेत. बंगालची यादी संपता संपत नाही, मग पंजाब. मुंबई प्रांताची यादी लहान. इथे चष्मा विसरू नका आणि सावकाश वाचा. आप्पांनी वहीत उतरवून घेतलं: गणेश दामोदर सावरकर (म्हणजेच बाबाराव), वामन जोशी. वामनरावही आमच्या नाशिकच्याच खटल्यातले. मग पान उलटलं आणि बंगालची नावं लिहायला घेतली. साडेबाराची शिट्टी झाली तेव्हा त्यांचं अर्धं पान भरलं होतं.