प्लास्टर संपलं, तरी बूट सोडू नका

माझ्या मुलाचा उजवा पाय जन्मापासूनच आत वळलेला होता. टाच वर ओढलेली, तळवा आतल्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, क्लबफूट आहे, उपचाराने सरळ होतो. घरात मात्र ग्रहणाचा विषय निघाला. मी पोटुशी असताना काय चिरलं, काय शिवलं याची चौकशी सुरू झाली. त्याचा मला अजून राग येतो. हजारात एखाद्या बाळाला हे होतं, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. त्यात आईचा काडीचाही दोष नसतो.

नाशिकला त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पोन्सेटी पद्धतीने उपचार झाले. दर आठवड्याला डॉक्टर पाय हाताने हळूहळू ताणून थोडा बाहेर आणायचे आणि पार मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. अशी साधारण पाच-सात प्लास्टरं लागतात. घरी बाळाच्या पायाचा अंगठा दाबून बघायचा. पांढरा पडून लगेच गुलाबी झाला पाहिजे. बोटं प्लास्टरमध्ये आत गेलेली दिसली, तर ते सरकलंय समजा आणि तडक दवाखाना गाठा. शेवटी जागा बधिर करून टाचेमागचा आखडलेला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, बारीकशा छेदातून कापला. पुढचं प्लास्टर तीन आठवडे ठेवलं, तोवर तो वाढीव लांबीत भरून येतो.

पाय सरळ दिसला आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. खरी कसोटी त्यानंतर होती. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग चार वर्षांचा होईपर्यंत झोपेत. पहिल्या रात्री तो रडून लाल झाला. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अगं सोड ना, पाय झालाय की नीट!" मी नाही सोडले. पाय पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण बूट न घालणं हेच असतं.

काही गोष्टी मला नर्सताईंनी शिकवल्या. सुती मोजा घालायचा, बुटाच्या आत पायाला तेल किंवा क्रीम लावायचं नाही. मधला पट्टा आधी आवळायचा. मागच्या भोकातून टाच दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ती वर सरकलीय, बूट काढून परत घालायचा. दोन्ही पाय एकत्र दुमडून-पसरून दाखवले की बाळ दांडीसकट लाथा मारायला शिकतं, मग रडं कमी होतं.

बोटं बुटाच्या कडेबाहेर यायला लागली की मोठा नंबर लागतो. तो आधीच सांगून ठेवा, मध्ये खंड नको. खर्चाची काळजी असेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा, क्लबफूट त्यात येतो.