घोडी फळवण्यापूर्वी मुळासकट तीस केस

कसबा बावड्यात आमच्या मामांकडे वरातीची पांढरीशुभ्र घोडी आहे. जन्मली तेव्हा ती कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळ-शेपटीची होती आणि आठव्या वर्षापर्यंत पूर्ण पांढरी झाली. यंदा ती सतरा वर्षांची आहे. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरारा करताना मी तिचे शेपूट बाजूला केले, तेव्हा खालच्या उघड्या कातडीवर बोराएवढ्या तीन काळ्या, टणक गाठी हाताला लागल्या. पशुवैद्यांनी मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या गाठी असल्याचे सांगितले. अशा गाठी पुष्कळदा वर्षानुवर्षे संथ वाढतात, पण काहींचा प्रसार आतल्या अवयवांपर्यंत होतो.

हा आजार आणि तिचा पांढरा रंग एकाच जनुकीय बदलातून येतात. एसटीएक्स१७ या जनुकातील एक तुकडा अधिकचा होतो, त्यामुळे घोडा गडद रंगात जन्मून वयाबरोबर पांढरा होत जातो. हा शोध २००८ साली प्रसिद्ध झाला. जन्मतःच पांढरा आणि गुलाबी कातडीचा असतो तो नुकरा. आमची घोडी सब्जा, केसांखाली काळी कातडी असलेली. पंधरा वर्षांपुढच्या सब्जा घोड्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के घोड्यांत या गाठी आढळतात. ज्याला हा बदल आई आणि बाप या दोघांकडूनही मिळतो, तो लवकर पांढरा होतो आणि त्याला गाठींचा धोकाही अधिक असतो.

आता प्रश्न तिच्या मुलीचा आहे. तीही सब्जाच आहे आणि तिचा बाप कुमैत होता, म्हणजे तिच्याकडे या बदलाची एकच प्रत आहे, हे तपासणीशिवायही सांगता येते. ती जन्मली मुश्की, आणि काळा रंग आयाळ, शेपूट, पाय अशा भागांपुरता ठेवणारे अगौटी जनुक निकामी असलेल्या अशा काळ्या रंगाच्या सब्जांत मेलॅनोमा अधिक दिसतो, म्हणून मला तिची काळजी वाटते. मामांना शिंगरू पांढरेच हवे, कारण वरातीला मागणी त्याच रंगाला आहे, आणि म्हणून त्यांनी सब्जा घोडाच पाहून ठेवला आहे. त्या घोड्याकडे दोन प्रती असतील, तर प्रत्येक शिंगरू सब्जा होईल, पण त्यांतल्या निम्म्यांच्या वाट्याला दुहेरी प्रत येईल. कुमैत घोडा लावला तर पांढऱ्या शिंगराची शक्यता निम्मीच उरते, मात्र दुहेरी प्रत कुणालाच मिळत नाही. माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, हे इतर जातींच्या अनुभवावरूनही कळते. अमेरिकन पेंट घोड्यांतील फ्रेम ओव्हेरो या अबलख नमुन्याची एक प्रत निरुपद्रवी असते, पण दोन प्रती घेऊन जन्मलेले शिंगरू पांढरे असते आणि आतड्यांत चेतापेशी नसल्यामुळे काही दिवसांतच दगावते. शिवाय एक प्रत वाहणाऱ्या काही घोड्यांच्या अंगावर पांढरा डाग जेमतेमच दिसतो. अरबी घोड्यांतील एससीआयडी हा प्रतिकारशक्तीचा आनुवंशिक रोग तर रंगातून मुळीच ओळखू येत नाही. सदोष जनुकाची एकेक प्रत वाहणारे आईबाप दोघेही ठणठणीत असतात, त्यांच्या प्रत्येक शिंगराला या रोगाची शक्यता चारात एक असते, आणि जन्मतः धडधाकट दिसणारे ते शिंगरू प्रतिकारशक्तीअभावी साधारण पाच महिन्यांत जाते.

मामांशी बरीच चर्चा झाली. काल आम्ही त्या सब्जा घोड्याच्या आयाळीतले तीस केस उपटले, कापले नाहीत, कारण तपासणीसाठी लागणारा डीएनए मुळाशी असतो. प्रत्येक केस उजेडात धरून टोकाची बारीक गाठ तपासली आणि कागदी पाकिटावर घोड्याचे नाव घातले. अहवालात दोन प्रती निघाल्या, तर कुमैत घोडा शोधायचा, हे मामांनी मान्य केले आहे.