तुळजापूरच्या घाटात पद्मिनीचं पेडल बसलं (सोलापूर-तुळजापूर-सोलापूर)

रविवारी सकाळी साडेसहाला निघालो, मी, धाकटा भाऊ आणि मागच्या सीटवर आई. गाडी बाबांची, प्रीमियर पद्मिनी, चारही चाकांना ड्रम ब्रेक (आतले शू, म्हणजे वाकड्या पट्ट्या, फिरत्या ड्रमला आतून दाबतात) आणि ब्रेक ऑइलची लाईन एकच, म्हणजे एका चाकाच्या ऑइलमध्ये हवा राहिली तरी सगळं पेडल बिघडतं. आदल्याच आठवड्यात मागचे दोन्ही व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे) नवीन टाकून घेतलेले, गॅरेजवाला म्हणाला हवा काढलीय, बिनधास्त जावा. सात रस्त्यापासून घरापर्यंत चालवून बघितली आणि खूश झालो. गावात वीसच्या स्पीडला काय डोंबल कळतंय!

जाताना ४५ किलोमीटर मस्त गेलो, चढाला ब्रेक लागतोच कुठं. दर्शनाच्या रांगेत किती वेळ गेला ते विचारू नका. परत येताना घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर पेडल अर्ध्याच्या खाली, पायाखाली उशी दाबल्यासारखं. भरभर दोन-तीनदा पंप मारला की थोडं वर यायचं. लगेच सेकंडला टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला घेतली. हँडब्रेक तारेवर असतो, ऑइलशी त्याचा संबंध नाही, म्हणून घाटाआधी तो धरतोय का ते बघाच.

उभं राहिल्यावर आधी पेडल नीट ओळखा. पंप मारून वर येतं आणि कडक होतं, तर शू ॲडजस्ट करायचे राहिलेत. वर येतं पण लिबलिबीतच राहतं, तर हवा. आणि दाबून धरलं की हळूहळू खाली सरकतं, तर मास्टर सिलेंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) कप, म्हणजे आतले रबरी सील, गेलेत नाहीतर कुठंतरी गळतंय, तेव्हा गाडी टोचन करूनच न्या. आमचं मधलं होतं.

तासाभराने ड्रम गार झाल्यावर सेकंडमध्येच रांगत घाट उतरलो, खाली तामलवाडीजवळ एका झाडाखाली लावली. डिकीत पाना, सीलबंद ब्रेक ऑइल आणि सलाईनची नळी होतीच. हवा काढायची ती मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, भाऊ म्हणणार "दाबलं", मी निपल (व्हील सिलेंडरवरचा हवा सोडायचा स्क्रू) सैल करणार, परत घट्ट केल्यावरच त्यानं पाय उचलायचा. तीन फेऱ्या मारल्या, नळीत एक बुडबुडा नाही, पेडल तसंच! आई म्हणाली, "देवीला नीट नमस्कार केला नाहीस ना."

शेवटी तीसच्या वर न जाता गावात आलो, अक्कलकोट रोडला एका जुन्या मिस्त्रींकडे. त्या मामांनी पेडलला हातसुद्धा लावला नाही, चाकामागं बॅटरी मारली आणि हसले. "काय ओ मालक, निपल खाली हाय की. हवा वर बसलीय, तुम्ही खालनं तेल काढताय." मागचा डावा सिलेंडर उलटा बसवलेला! निपल वर आणि पाईप खाली पाहिजे, आमचं नेमकं उलटं. हवा वरच चढणार, मग ती खालच्या भोकातून कशी निघणार? सिलेंडर फिरवून बसवला, निपल सोडला तर आधी फुस्स झालं, मग सोड्यासारखा फेस, आणि चौथ्या-पाचव्या दाबाला पेडल दगडासारखं.

तुम्ही जाणार असाल तर निघायच्या आधी चारही निपल वर आहेत का ते वाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. शू ॲडजस्ट करूनच हवा काढा, नाहीतर मोकळ्या शूमुळे पेडल खालीच राहतं आणि आपण उगाच हवेला शिव्या देतो. जुना मास्टर सिलेंडर असेल तर हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, रोज जिथं कप जात नाही तिथं आत गंज असतो आणि कप फाटतो, मग नवीनच काम लागतं. ब्रेक ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका, ऑइल हळू ओता, बाटलीत निघालेलं परत टाकू नका. आणि जुनं ऑइल बदलाच, नवीन डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्याचा हिशोब १४० चाच धरतात, उतारावर ड्रम तापले की तेवढ्यात लाईनमध्ये वाफ व्हायला वेळ लागत नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, माझ्या बोनेटवर भाऊच्या कृपेने एक डाग पडलाच आहे.

मामांनी मजुरी दोनशे घेतली, चहा वेगळा पाजला. पहिल्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, "तसाच बसतो की ओ तो."