ढाण्या वाघ काढला एकदाचा

आधी कबुली देऊन टाकते. २६ डिसेंबर २०२१ च्या रात्री बिग बॉस मराठीचा तिसरा सीझन संपला, विशाल निकमच्या हातात ट्रॉफी आली आणि त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत मी मराठी विकिपीडियावर त्या सीझनच्या लेखात "सांगलीचा ढाण्या वाघ विशालदादा महाविजेता!!!" असं लिहून मोकळी झाले होते. लॉगिनसुद्धा केलं नव्हतं. देवीखिंडी आमच्या खानापूर तालुक्यातली, आम्ही विट्याचे, म्हणजे घरचाच गडी जिंकल्यासारखं झालेलं. शिवाय स्टार प्रवाहवर त्यानं ज्योतिबाचं काम केलेलं असल्यामुळं आईच्या लेखी तो हरणं शक्यच नव्हतं, ती पूर्ण शंभर दिवस त्याला ज्योतिबाच म्हणत होती. आणि ते वर्षही तसलंच होतं ओ, जुलैत कृष्णेला पूर येऊन गेलेला, सांगलीतल्या मामांच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओली, त्यात सप्टेंबरला हा शो सुरू झाला आणि रात्री जेवणं उरकून सगळे एका खोलीत बसायला लागले.

आता मी सांगलीत विश्रामबागला नोकरी करते आणि रिकाम्या वेळात विकिपीडियावर नियमित संपादन करते, म्हणजे शुद्धलेखन, तुटलेले दुवे, असली झाडलोट. मागच्या महिन्यात त्या लेखाच्या चर्चा पानावर कुणीतरी लिहिलेलं दिसलं की लेख चांगला होऊ शकतो पण चाहत्यानं लिहिल्यासारखा वाटतो. मला राग आला, म्हणून कोण हा चाहता ते बघायला लेखाच्या बदलांचा इतिहास उघडला, खाली खाली गेले, आणि तिथं माझाच ढाण्या वाघ बसलेला! मधल्या काळात कुणीतरी दोन उद्गारचिन्हं काढली होती, वाघ तेवढा ठेवला होता.

तर म्हटलं आपणच घाण केलीय, आपणच निस्तरू. तिकडं इंग्रजी विकिपीडियावर "चांगला लेख" ठरवायची रीतसर परीक्षा असते, लेख नीट लिहिलाय का, संदर्भ आहेत का, विषय पुरेसा आलाय का, बाजू घेतलीय का, रोज भांडणं होऊन बदलत तर नाही ना, चित्रं कायदेशीर आहेत का, हे सगळं लेखात ज्याचा फारसा हात नाही असा माणूस तपासतो आणि पास झाला तर कोपऱ्यात हिरवं अधिकचिन्ह मिळतं. आपल्याकडं माणसंच मोजकी, त्यामुळं चर्चा पानावरच्या त्या सदस्यालाच विचारलं की आपण तपासाल का. ते हो म्हणाले आणि दोन दिवसांनी भली मोठी यादी टाकली.

पहिलाच मुद्दा असा की मी विचारच केला नव्हता. लेखात सूत्रसंचालक महेश मांजरेकर "ते", तृप्ती देसाई "त्या", दादूस म्हणजे संतोष चौधरी "ते", पण विशाल "तो", मीरा जगन्नाथ "ती", जय दुधाणे "तो". म्हणजे ज्यांना मी घरी आल्यावर पाणी द्यायला उठले असते ते सगळे अहो आणि बाकीचे अरे! इंग्रजीत ही भानगडच नाही, तिथं लिहिणाऱ्याला काय कळणार कुणाला मान दिला आणि कुणाला नाही. मराठीत मात्र प्रत्येक क्रियापदात आपण कुणाला किती मानतो ते उघडं पडतं. शेवटी ठरलं की सगळ्यांना आदरार्थी. अख्ख्या लेखात बसून बदललं, पडला, पडली, म्हणाला, चिडली, सगळं. आईला वाचून दाखवलं, "विशाल निकम विजेते ठरले." आई म्हणाली, "किती जण ठरले?"

आजपण मला ते वाक्य वाचताना जरा कसंतरीच होतं, पण राहू दे.

दुसरं म्हणजे भाषा. कुणीतरी इंग्रजी लेखावरून मशीननं भाषांतर करून परिच्छेदच्या परिच्छेद चिकटवलेले, त्यात सगळे स्पर्धक "बेदखल" झालेले. बेदखल म्हटलं की मला तलाठी आठवतो, कूळकायदा आठवतो, बिग बॉसचं घर काही आठवत नाही. साधं "घराबाहेर पडले" लिहिलं. पण तिथंही गंमत आहे. शिवलीला पाटील तब्येतीमुळं बाहेर पडल्या, त्यांना मतं कमी पडून घालवलं नव्हतं, आणि अक्षय वाघमारे मतांवर बाहेर गेले, तर आठवड्यांच्या तक्त्यात दोघांच्या पुढं एकच शब्द आणि एकच लाल रंग. वाचणाऱ्याला वाटणार दोघांना प्रेक्षकांनीच काढलं. म्हणून दोन वेगळे शब्द केले, "मतांवर बाद" आणि "स्वतः बाहेर". आदिश वैद्य आणि नीथा शेट्टी नंतर वाइल्ड कार्डनं आले, त्यांचे पहिले रकाने रिकामे का आहेत तेही खाली एका ओळीत लिहिलं, नाहीतर माहितीच नाही असं दिसतं. आणि नुसत्या रंगावर अर्थ सोडायचा नाही हे मला त्या सदस्यानं सांगितलं. ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांना तो तक्ता म्हणजे नुसती चौकटींची चादर.

मग आला शंभर दिवसांचा विषय, यात माझा एक अख्खा रविवार गेला. लेखात ठसठशीत "कालावधी १०० दिवस". आपण सगळे तसंच म्हणतो, मीपण वर तसंच लिहिलंय बघा. सहज बोटं मोजली. १९ सप्टेंबरपासून महिनाअखेरपर्यंत १२, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे २६. झाले ९९! आणि तेही पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरून. मग चाळाच लागला. पहिला सीझन १५ एप्रिल ते २२ जुलै २०१८, ९९. दुसरा २६ मे ते १ सप्टेंबर २०१९, ९९. चौथा २ ऑक्टोबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३, परत ९९. कारण साधं आहे, रविवारी सुरू होतो आणि चौदा आठवड्यांनी रविवारीच संपतो, मग शंभर येणार कुठून. रितेश देशमुखांचा पाचवा सीझन तर दहाच आठवड्यांचा होता. माझ्या आठवणीतलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं खरं, पण लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीत आता नुसत्या तारखा ठेवल्या, ज्याला मोजायचंय त्यानं मोजावं.

संदर्भांचं दुखणं सगळ्यात मोठं. वरवर बघितलं तर एकेका वाक्याला चार-चार दुवे, भरभक्कम वाटतं, पण उघडून वाचलं तर चारही ठिकाणी तोच मजकूर, तेच शब्द, अगदी चूकसुद्धा तीच. सगळ्यांनी एकच प्रेसनोट उचललेली. म्हणजे साक्षीदार चार दिसतात पण बोलतोय एकच, आणि तोही शोवाल्यांच्या घरचा. असले निम्मे दुवे उडवले. काही मेलेले होते त्यांच्या जुन्या प्रती वेबॅक मशीनमधून काढून लावल्या. आणि जिथं काहीच मिळालं नाही तिथलं वाक्यच काढलं, यावरून आईशी वाजलं. एका भांडणात सुरुवात कुणी केली ते लेखात होतं, संदर्भ नव्हता, मी पुसलं.

"अगं पण मी बघितलंय की डोळ्यानं!"

"आई, तुझे डोळे संदर्भ म्हणून चालत नाहीत."

"मग कुणाचे चालतात? त्या पेपरवाल्याचे? त्यानं तरी कुठं बघितलंय, माझ्यासारखंच टीव्हीवर बघितलं असणार."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, खरं सांगते अजून नाहीये. तिचं निम्मं बरोबर आहे. टास्कमध्ये काय झालं हे एपिसोडचाच संदर्भ देऊन लिहिता येतं, पण कोण चुकलं, कुणी डाव टाकला, कुणाला पोटात दुखलं, हे एपिसोड सांगत नाही, ते आपण सोफ्यावर बसून ठरवतो. माझ्या जुन्या वाक्यांत तेच भरलं होतं. विशाल आणि जय यांच्यातलं जे काही मी लिहिलं होतं त्यात जय दुधाणे सरळ खलनायक! उपविजेता झालेला माणूस, शेवटच्या पाचात विकास पाटील, उत्कर्ष शिंदे, मीनल शाह यांच्या पुढं गेला, आणि त्याच्या खेळाबद्दल लेखात एक धड वाक्य नाही. ते आता लिहिलंय, विशालच्या वाक्याएवढ्याच लांबीचं. लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

वाघ काढला. संपादन सारांशात "विशेषणे काढली" एवढंच टाकलं. इतिहासात तो कायम राहणार, कुणीही खाली जाऊन बघू शकतं, आणि तेव्हा लॉगिन केलं नव्हतं तेच बरं झालं असं वाटतंय.

आता एकच विभाग लंगडा आहे, प्रतिसादाचा. देवीखिंडीत आणि विट्यात काय जल्लोष झाला ते मला पाठ आहे पण लिहिता येत नाही, छापील काहीतरी पाहिजे. शनिवारी अर्धा दिवस आहे, तेव्हा वाचनालयात जाऊन जुन्या सांगली आवृत्त्या मिळतात का विचारणार आहे. फायनल रात्री उशिरा संपली होती, त्यामुळं २७ तारखेच्या अंकात गावाकडची बातमी नसणार, २८ चा मागायचा. आईपण येते म्हणालीय, फोटोत ती आहे म्हणे.