कंट्रोलच सुटला तेव्हा

कोकणात वेशीवर राखणदार असतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आलेल्या प्रथिनाचं नावही तेच, फक्त जपानीत: शुगोशिन, म्हणजे राखण करणारी देवता.

पेशी गुणसूत्रांची नक्कल करते तेव्हाच दोन्ही प्रती कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधल्या जातात. विभाजन सुरू झालं की बाहूंवरच्या बहुतेक कड्या निघतात. मधल्या सेंट्रोमियरवरच्या शुगोशिन सांभाळतो, म्हणून गुणसूत्र फुलीसारखं दिसतं. शेवटी सेपरेज नावाची कात्री त्याही कापते. मला शुगोशिन काढून टाकायचा होता आणि प्रती आधीच सुटतात का ते बघायचं होतं.

हेलाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या. त्यांत नेहमीची 46 नव्हे, सत्तर-ऐंशी गुणसूत्रं, मोजताना डोळे जातात. कात्री चालू नये म्हणून एमजी-132 हे औषध दोन तास घालायचं, मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, तीनास एक मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडमध्ये पक्क्या करायच्या. थंड स्लाइडवर तोंडाची वाफ सोडून वरून थेंब टाकायचा. सगळ्या हाताला व्हिनेगरचा वास.

त्या दिवशी जर्नल क्लब, म्हणजे पेपर वाचून चर्चा करायची बैठक, लांबला, पुढे मीटिंग. दोनाचे आठ तास झाले. स्लाइड बघते तर ज्यात शुगोशिन शाबूत होता त्या कंट्रोलमध्येही फुल्या नाहीत, नुसत्या सुट्या काड्या! नळ्या अदलाबदल झाल्या असतील म्हणून पुन्हा केलं. वेळ मात्र तीच ठेवली, म्हणे तुलना नीट व्हावी. पुन्हा काड्या.

"औषध किती वेळ ठेवलंस गं?" सीनियर ताईने विचारलं. आठ तास म्हटल्यावर ती हसायलाच लागली. कात्री बंद असली तरी दोन्ही बाजूंचे स्पिंडलचे, म्हणजे प्रतींना वेगळं करणाऱ्या यंत्रणेचे दोर ओढतच असतात. रस्सीखेच लांबली की न कापताही प्रती सुटतात. याला कोहेजन फटीग, म्हणजे बंधाचा थकवा म्हणतात, 2011 मध्येच त्यावर पेपर आलेत. मी वाचले नव्हते.

तिच्या सांगण्यावरून एका नळीत नोकोडॅझोल हे दुसरं औषधही घातलं. त्याने दोरच तुटतात. पुन्हा आठ तास ठेवलं, रात्री साडेअकराला मायक्रोस्कोपखाली बघितलं. सगळीकडे फुल्याच फुल्या.

आता टायमर खिशात घेऊनच जर्नल क्लबला बसते.